जोडीदारानं सांगायचं

"शरयू, यमुनेचं डोकं?"

"आहे ताई. वापरत नाही एवढंच."

तंबूत माझ्या शेजारी यमुना फिस्सकन हसली. बाहेर नलिनीताई काही हसल्या नाहीत. वहीवर पेन्सिल टेकवून तशाच वाकून उभ्या राहिल्या.

"दुखतं का, ते विचारलं."

"नाही दुखत."

"झोप?"

"घोरत होती. मला नव्हती झोप."

"जेवण?"

"माझ्या वाटणीची खिचडीपण हिनंच खाल्ली."

"बरं. यमुना, शरयूचं डोकं?"

"डोकं बरंय ताई. जीभ लई चालती."

आता ताईंच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. वहीत दोन बरोबरच्या खुणा करून त्या पुढच्या तंबूकडे गेल्या.

मोहिमेच्या प्रमुख म्हणून हा त्यांचा नियम होता. रोज सकाळी प्रत्येकीची तब्येत विचारायची, पण जिची तिला नाही. उत्तर जोडीदारानं द्यायचं, आणि जिच्याबद्दल बोलणं चाललंय तिनं मध्ये अक्षर काढायचं नाही. नलिनीताई नाशिकला शाळेत गणित शिकवायच्या, त्यामुळे त्यांचे नियम असे चोख असत. "शिखर दिसायला लागलं की माणूस स्वतःच्या तब्येतीबद्दल बिनदिक्कत खोटं बोलतं," त्या म्हणायच्या. "दुसऱ्याच्या जिवाबद्दल खोटं बोलायला मात्र जीभ रेटत नाही." आधीच्या एका मोहिमेत कुणा मुलीनं अंगातला ताप लपवला होता आणि ती मरता मरता वाचली, त्यातून हे निघालं. दुसरा नियम असा, की जोडीतली एक खाली गेली की दुसरीनंही खाली जायचं. आजाऱ्याला एकटं सोडायचं नाही आणि उरलेल्या जोड्या मोडायच्या नाहीत.

आम्ही सहाजणी होतो, म्हणजे तीन जोड्या. साल १९८४, ऑगस्ट महिना. हिमाचलातलं वीस हजार फुटांचं एक शिखर, ज्याला नाव नव्हतं, नकाशावर नुसता आकडा होता. सहाजणींपैकी एकट्या ताईंनी बर्फ पाहिला होता. आम्ही बाकीच्या सह्याद्रीतल्या. कातळ, निवडुंग आणि करवंदीच्या जाळ्या एवढंच आम्हाला ठाऊक. बर्फाचा सराव म्हणून ताई आम्हाला नाशिकच्या एका बर्फाच्या कारखान्यात घेऊन जायच्या. मालकानं आम्हाला चार लाद्या काढून दिल्या होत्या. त्या उभ्या करायच्या आणि बुटांना खिळ्यांचे सांगाडे बांधून त्यांना लाथा घालायच्या. लादी फुटली की तिथले कामगार टाळ्या वाजवायचे. एकानं विचारलं होतं, "ताई, रागावलाय कुनावर?"

खरा बर्फ पाहिला तेव्हा यमुनेनं हातमोजा काढून त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाली, "शरू, हे कोरडंय गं. पिठासारखं." मग चिमूटभर तोंडात टाकलं. मीही टाकलं. आम्ही दोघी पंचविशीच्या घोड्या, पण तिथे तासभर नुसत्या खिदळत होतो.

यमुना भांगरे अकोले तालुक्यातली, कळसूबाईच्या रांगेतल्या एका वाडीची. लहानपणी शेळ्यांमागे डोंगर तुडवलेली. डी.एड. करून आश्रमशाळेत शिकवायला लागली होती. मी नाशिकची, पोस्टात कारकून. गडावर एका शिबिरात ओळख झाली आणि तेव्हापासून आमची जोडी. कड्याला ती पुढे, दोर धरायला मी मागे. ओझं उचलण्यात तर तिचा हात कुणी धरला नसता. कुणी धापा टाकताना दिसली की ही म्हणणार, "दे इकडं ते." तळावरून पहिल्या कॅम्पला सामान वाहण्याचे तीन दिवस होते. त्या तीन दिवसांत तिनं स्वतःचं ओझं वाहिलं आणि वर माझं अर्धं वाहिलं.

माझं काय होतं, तेही सांगते. माझं लग्न ठरलं होतं. धुळ्याचं स्थळ, मार्गशीर्षातली तारीख. आमच्या अण्णांना हे डोंगर चढणं मुळीच मान्य नव्हतं. मी दोन दिवस जेवले नाही तेव्हा म्हणाले, "एकदा जाऊन ये. त्यानंतर हे थेर बंद. धुळ्याच्या लोकांना मी शब्द दिलाय." म्हणजे हे एकच शिखर माझ्या वाट्याचं होतं. बाकीच्या पुढच्या साली परत येणार होत्या, त्यांच्या गप्पाही तशाच चालायच्या. मी त्या गप्पांत नसायचे. मला ते शिखर इतकं हवं होतं, की रात्री डोळे मिटले तरी ते दिसायचं. वर उभं राहायचं, एकदा सगळीकडे बघून घ्यायचं आणि मग खुशाल धुळ्याला जाऊन पोळ्या लाटायच्या, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

पहिल्या कॅम्पवर मुक्कामाला गेलो त्या दिवशी यमुना पहिल्यांदा माझ्या मागे राहिली. मी थट्टा केली, "काय गं, म्हातारी झालीस?" ती नुसती हसली. जेवताना तिनं ताटली तशीच बाजूला ठेवली.

सकाळी मी उठले तेव्हा ती बसलेलीच होती. पाठीला सॅक लावून, गुडघे जवळ घेऊन.

"शरू, आज ताईंना सांग."

"काय सांगू?"

"डोकं फुटतंय माझं. आन् आडवं झालं की दम कोंडतो. रातभर बसून हाये. हे बघ, ऐक." तिनं माझं डोकं धरून आपल्या छातीला लावलं. आत बारीक आवाज येत होता. चहाचं आधण उकळायच्या आधी वाजतं ना, तसा.

"थंडी बाधलीय," मी म्हणाले. "सुंठ-गूळ घे. खोकल्यानं डोकंही दुखतं."

आम्ही घाटावरची माणसं. छातीत वाजलं की सर्दी, आणि सर्दीला सुंठ. त्या उंचीवर माणसाच्या छातीत पाणी भरतं, हे ताईंनी तळावर समजावून सांगितलं होतं. मी वहीत लिहूनही घेतलं होतं. तरी त्या सकाळी मी सुंठेची पुडी शोधत बसले. शोधता शोधता मला पक्कं कळत होतं की मी का शोधतेय.

"थंडी असंल," यमुना म्हणाली. "पन सांग तू."

"सांगितलं तर आपल्याला खाली पाठवतील."

"मंग जाऊ की खाली. दोन दिवस राहू, बरं वाटलं की येऊ वर."

"कुठलं येतोय वर? आज दुसरा कॅम्प, उद्या माथा. टाशी म्हणतोय दोनच दिवस हवा चांगली आहे." टाशी म्हणजे आमच्याबरोबरचा तिथला वाटाड्या. "आपण उतरलो की संपलं, यमे."

अण्णांचं, धुळ्याचं, सगळं तिला माहीत होतं.

"तुला परत यायला मिळायचं न्हाई, ते समजतंय मला," ती म्हणाली. "पन सांग."

बर्फ चुरचुरला. नलिनीताई आल्या. तंबूचं दार अर्धंच उघडलं, कारण बाहेर वारा होता. त्यांना माझं तोंड दिसत होतं, आत बसलेली यमुना नीट दिसत नव्हती.

"शरयू, यमुनेचं डोकं?"

मी थांबले का, याचा मी पुढे आयुष्यभर विचार केला आहे. एखादा क्षण तरी थांबले असेन, असं स्वतःला सांगून बघितलं आहे. नाही थांबले.

"ठणठणीत," मी म्हणाले.

"झोप?"

"लागली होती."

"जेवण?"

"जेवली की."

नियमाप्रमाणे यमुनेनं मध्ये बोलायचं नव्हतं. ती बोलली नाही. वहीत खूण झाल्याचा आवाज आला.

"यमुना, शरयूचं?"

"तिचं बरंय ताई," यमुना म्हणाली. "तिला काई झालेलं न्हाई."

ताई गेल्यावर मी तिच्याकडे बघितलं नाही. तिचे बूट मीच बांधून दिले. तिच्या सॅकमधलं निम्मं सामान काढून माझ्या सॅकमध्ये भरलं, जणू तेवढ्यानं भागणार होतं. "संध्याकाळपर्यंत बघू," मी म्हणाले, "नाही बरं वाटलं तर शपथ सांगते." तिनं मान हलवली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. माझ्या बापानं मला डोंगरावर एकदाच सोडलंय, हे तिला माझ्याइतकंच लागलं होतं. मी त्याचाच फायदा घेतला.

दुसऱ्या कॅम्पची वाट लांब आणि सरळ चढाची होती. पुढच्या दोन जोड्या आणि टाशी दिसेनासे झाले. यमुना दहा पावलं टाकायची आणि काठीवर वाकायची. मग सहा पावलं. मग चार. तिचे ओठ जांभळे पडले होते, आणि मी तिला सांगत होते, "ते बघ, तंबू दिसायला लागले. एवढंच राहिलंय." तंबू दिसत नव्हते. खोकला आला की ती तोंडावर मोजा धरायची. एकदा मोजा बाजूला केला तेव्हा त्यावर गुलाबी फेस होता. तिनं तो बर्फाला पुसला आणि मी पाहिलं की नाही ते बघितलं. मी पाहिलं होतं.

तेव्हा मात्र माझी गाळण उडाली. मी शिट्टी वाजवत सुटले. ताई आणि टाशी वरून धावत आले. टाशीनं तिच्या तोंडाकडे एकदाच बघितलं आणि म्हणाला, "इसको अभी नीचे लेना है. अभी." प्राणवायूची एकच नळकांडी होती आणि ती खाली तळावर.

दुपारचे दोन वाजले असतील. हवा दोन दिवस चांगली राहणार होती, ती तासाभरात बिघडली. टाशीनं तिला पाठीवर बांधलं, मी मागून तिचे पाय उचलून धरले, ताई पुढे पायऱ्या खणत गेल्या. बर्फाचा मारा चालू झाला. मधे एका खडकाच्या आडोशाला टाशीला दम घ्यावा लागला. तिला खाली टेकवून बसवलं. तिचा श्वास दुरूनही ऐकू येत होता.

नलिनीताई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. "यमुना, कधीपासून होतंय हे? कालपासून? का लपवलंस गं?"

यमुनेनं ताईंकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी तिचा हात धरला होता. मोज्यातून तिनं माझी बोटं दाबली. बोलली नाही. तिला बोलवत नव्हतं की बोलायचं नव्हतं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

ताईंनी मला विचारलं, "तुला काही बोलली होती?"

"नाही," मी म्हणाले. तिच्यादेखत म्हणाले.

पहिल्या कॅम्पचे तंबू दिसायला लागले तेव्हा टाशी थांबला आणि त्यानं पाठीवरची गाठ सोडली. घाई संपली होती.

शिखर कुणीच केलं नाही. यमुनेला खाली नदीकाठी अग्नी दिला. नाशिकला परत आल्यावर शोकसभा झाली. तिथे कुणीतरी मोठ्या माणसानं भाषणात माझं नाव घेतलं. स्वतःच्या शिखरावर पाणी सोडून मैत्रिणीला वादळातून खाली आणणारी, जोडीदार असावी तर अशी, वगैरे. लोक माझ्याकडे बघून डोळे पुसत होते. आमच्या अण्णांनी घरी आल्यावर पहिल्यांदा माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी तेव्हाही गप्प बसले.

तिच्या अस्थी घेऊन ताई आणि मी वाडीवर गेलो. यमुनेची आई, ठकूबाई, भाताच्या खाचरातून तशीच उठून आली. पाय पोटरीपर्यंत चिखलानं भरलेले. नवरा कधीच गेलेला, एक मुलगा, आणि ही एक मुलगी शिकवलेली. अस्थींचा तांब्या मांडीवर घेऊन ती ओट्यावर बसली. नलिनीताईंनी हात जोडून सगळं सांगितलं. वर हवा कशी असते, छातीत पाणी कसं भरतं, वेळेवर कळलं असतं तर खाली आणता आलं असतं. "तिनं सांगितलं नाही हो," ताई म्हणाल्या. "आजार लपवला तिनं. वर जायची ओढ असते, पोरी लपवतात."

"माझी पोर खोटं बोलायची न्हाई," ठकूबाई म्हणाली.

ताईंनी पुन्हा हात जोडले.

"तिचा बाप दारूपायी खोटं बोलायचा," ठकूबाई म्हणाली. "तवा मी तिला मांडीवर घिऊन शिकिवलं, का मार खा, उपाशी ऱ्हा, पन खोटं बोलू नगं. ती न्हाई बोलायची." मग ती माझ्याकडे वळली. "तूच ना तिची जोडीदारीन? ती तुझं नाव घ्यायची सारखी. तुला तरी बोलली आसंल."

अंगणात कुणी नव्हतं. ताई होत्या, ती होती आणि मी. तेव्हा सांगितलं असतं तर काय झालं असतं? तिनं मला शिव्या दिल्या असत्या, ताईंनी तोंड बघितलं नसतं, धुळ्याचं लग्न मोडलं असतं. एवढंच ना.

"नाही मावशी," मी म्हणाले. "मलाही काही बोलली नाही."

तिनं मांडीवरचा तांब्या बाजूला ठेवला. मग तिच्या खांद्यांतलं बळच गेलं. "मंग बोलली आसंल खोटं," ती हळू म्हणाली. "शिकल्यावं बदलत्यात मानसं." उठून तिनं आम्हाला भाकरी वाढली आणि माझ्या ताटात जास्तीचं कालवण घातलं. जाताना माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "तुझा काय दोस बाई. तू जीव लावलास."

लग्न झालं. धुळ्याला गेले. माणसं चांगली निघाली. आमच्या यांनाही मी हे सांगितलं नाही. पण दर वर्षी माहेरी आले की एक दिवस काढून मी वाडीवर जायचे. ठकूबाई मला लेकीसारखं वागवायची, आणि ते मला सहन व्हायचं नाही, आणि तरी मी जायचे. ती यमुनेबद्दल फारसं बोलत नसे. आम्ही दिलेला फोटो भिंतीवर कधी दिसला नाही. मला वाटायचं, दुःखाची रीत असते एकेकाची.

अकराव्या वर्षी माझं जाणं पितृपंधरवड्यात झालं. ठकूबाईच्या घरी त्या दिवशी पितरं होती. ती चुलीपुढे बसून पानांवर भात, वडा, खीर वाढत होती. कौलांवर ठेवायचे घास. एक सासऱ्याचं, एक नवऱ्याचं, एक धाकट्या दिराचं. तीन पानं मुलानं वर नेऊन ठेवली.

मी सहज म्हणाले, "मावशी, यमुनेचं पान?"

"तिच्या नावानं न्हाई वाढीत मी."

"का?"

तिनं पळी खाली ठेवली. "तिनी खोटं केलं. खोटं बोलून जीव घालीवला. म्या जे शिकिवलं तेच मोडून गेली. मंग माझ्या हातचा घास कशापायी?" आवाज चढवून नाही, रोजच्यासारखंच सांगत होती. "पयल्या साली वाढाया बसले, तर हातच उठंना. तवापासून न्हाई. ती आली दारात तरी म्या वाढायची न्हाई."

अकरा वर्षं मी समजत होते, की माझं खोटं माझ्यापाशी आहे, मी ते सांभाळतेय, त्याचा त्रास मलाच आहे. ते इथे या घरात राहायला आलं होतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

तिथेच, चुलीपुढे, मी सांगितलं. सगळं सांगितलं. छातीला कान लावला ते, सुंठ शोधली ते, वही, पेन्सिल, ठणठणीत. खडकाच्या आडोशाचं सांगितलं. मुलगा दारात येऊन उभा राहिला, तरी थांबले नाही.

माझं बोलणं संपल्यावर ठकूबाई म्हणाली, "ती सांग म्हनली व्हती?"

"हो."

"कितींदा?"

"पुन्हा पुन्हा. ताई तंबूपाशी येईपर्यंत तेच म्हणत होती, पण सांग."

"आन् खोटं ती न्हाई बोलली."

"एक अक्षर नाही, मावशी. मी बोलले."

ती उठून माझ्या थोबाडीत मारेल, असं मला वाटलं. मारावं असं मनापासून वाटत होतं. गाल मी पुढेच केला होता म्हणा ना. पण तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. तिनं नवीन पान घेतलं, ते पदरानं पुसलं. त्यावर भात घातला. मग आणखी घातला. वडे घातले, होते तेवढे सगळे. खीर ओतली तशी ती पानाच्या कडांवरून जमिनीवर ओघळली. मुलगा म्हणाला, "आये, पुरं." ती वाढतच राहिली. मी हात धरायला गेले तर तिनं तो झटकला.

"अकरा सालं," ती म्हणाली, पण माझ्याशी नाही. "अकरा सालं म्या माझी पोर उपाशी ठिवली."